निजलेला हात

माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेकडच्या डोंगराळ भागातील एका बेस हॉस्पिटलमध्ये होती. हुद्दा मेजर, काम नसांची तपासणी. डॉक्टरी मराठीत ज्याला मज्जातंतू म्हणतात, त्याला आपल्याकडे सगळे नसच म्हणतात, म्हणून मीही तसेच लिहीत आहे. हाताच्या किंवा पायाच्या नसेला बाहेरून विजेचा छोटा झटका द्यायचा, तो स्नायूपर्यंत किती वेळात आणि किती जोराने पोहोचतो ते पडद्यावर पाहायचे, गरज पडली तर स्नायूत बारीक सुई घालून त्याचा आवाज ऐकायचा आणि जे दिसले, ऐकू आले, तेवढेच लिहून द्यायचे. अंदाज करणे माझ्या कामात बसत नव्हते.

जवान त्या खोलीला 'करंट रूम' म्हणत. बाहेरच्या बाकावर बसलेले जुने पेशंट नव्यांना घाबरवत असत. आत सगळे खरे बोलायला लावतात, असे कुणीतरी सांगे, आणि नव्याचा चेहरा उतरे. माझे टेक्निशियन हवालदार नायर दारातून डोके बाहेर काढून म्हणत, "डरो मत. बिजली का बिल घर नहीं आएगा." मग तो नवा जवान आत येई.

खोली लांबट होती. खिडकीच्या काचा वाऱ्याने सतत थरथरत. जनरेटरची घरघर भिंतीतून येई आणि खोली तापवणाऱ्या रॉकेलच्या बुखारीचा वास कपड्यांना चिकटून माझ्यासोबत मेसपर्यंत जाई. या सगळ्या आवाजांत मला यंत्राच्या स्पीकरमधून स्नायू ऐकावा लागे. निरोगी स्नायू सैल सोडला की स्पीकर गप्प होतो. थोडा ताणला की सुपात भात घोळवल्यासारखी सळसळ येते, पूर्ण ताणला की तीच सळसळ गर्जना होते. ज्याची नस तुटली आहे तो स्नायू सैल असतानाही गप्प बसत नाही. गरम कढईत तीळ उडावेत तसा तो एकटाच तडतडत राहतो.

सर्वांत मोठी अडचण शिस्तीची होती. समोर ऑफिसर, त्यातून बाई. जवान टेबलावर आडवा होई तोही सावधानच्या पवित्र्यात. टाचा जुळलेल्या, मुठी पँटच्या शिवणीला लागलेल्या, जबडा घट्ट. स्पीकर गर्जत राही. मी म्हणे, "रिलॅक्स." तो म्हणे, "जी मॅडम," आणि आणखी ताठ होई. शेवटी नायरांनी परेड ग्राउंडचा उपाय काढला. कवायतीत तीन हुकूम असतात. 'सावधान' आणि 'विश्राम' यांत अंग ताठच असते. खरी मोकळीक तिसऱ्या हुकुमात आहे. नायर टेबलापाशी उभे राहून मैदानावरच्या आवाजात ओरडत, "आ-राम से!" आणि जवानाचे अंग त्याला न विचारता सैल पडे. स्पीकर शांत होई. त्या शांततेत माझे काम सुरू होई.

त्या वर्षी हिवाळा लवकर उतरला होता. एका सकाळी, ओपीडी उघडताच, एस्कॉर्टसह एक पेशंट आला. पेशंटसोबत बंदूकधारी शिपाई असला की समजायचे, मागे चौकशी लागलेली आहे. आलेला जवान तिशीच्या आतबाहेरचा, काटक, काळासावळा होता. तो बसत नव्हता. उभाही राहत नव्हता. डाव्या हाताने उजवा हात उचली, पोटापाशी धरी, खाली सोडी, पुन्हा उचली. कुणाची तरी वस्तू सांभाळायला घेतली आहे आणि ठेवायची कुठे ते कळत नाही, असे ते उचलणे होते. उजवा पंजा मनगटातून खाली लोंबत होता.

एस्कॉर्ट म्हणाला, "मॅडम, इसका हाथ ठीक है. टेस्ट में नॉर्मल आया था. नाटक करता है. ड्यूटी पर सोता भी है."

"तुम बाहर रुको."

"ऑर्डर है मॅडम, नजर के सामने रखना है."

"तो उधर, दरवाजे के पास. और चुप."

हकिकत अशी होती. पहाऱ्याच्या चौकीवरून निघालेली एक छोटी गस्ततुकडी कड्याच्या वाटेने जात होती. बर्फाची कड तुटली आणि लान्स नाईक हरेश वेखंडे खाली गेला. तो दोराला होता. दोराचे दुसरे टोक या जवानाकडे होते. मधली वाट तुटल्याने पुढचे लोक मागे येऊ शकत नव्हते. सेक्शन कमांडरने पलीकडून रेडिओ लावला. "एक जवान रस्सी पर लटका है. रेस्क्यू पार्टी भेजो. ओव्हर." उत्तर आले, "रॉजर. पार्टी निकल रही है. पकडे रखो. आऊट." सेक्शन कमांडर हा हुकूम तुटलेल्या वाटेपलीकडून ओरडला आणि पार्टीला वाट दाखवायला निघून गेला. दुपारचे जेवण व्हायच्या आत कड तुटली होती. पार्टी पोहोचली तेव्हा ऊन शिखरावरून उतरले होते आणि दोराला कुणी नव्हते. कोर्ट ऑफ इन्क्वायरीपुढे दोर का सुटला असे विचारल्यावर या जवानाने आपण झोपलो होतो असे कबूल केले. त्यानंतर, माझ्याकडे येण्याआधी, दुसऱ्या एका हॉस्पिटलात त्याच्या नसांची तपासणी झाली. ती नॉर्मल आली. त्यामुळे हात लुळा असल्याचे सोंग तो शिक्षा टाळण्यासाठी करतो आहे, असा अर्थ निघाला. ते खरे ठरले असते तर कोर्ट मार्शल अटळ होते.

"नाम?"

"नाईक भास्कर शिद, मॅडम."

"गाँव?"

"तालुका मुरबाड, जिला ठाणे." तो हिंदीतच बोलत होता.

"मुरबाडात कुठे?" मी मराठीत विचारले.

हाताची उचलठेव थांबली. "म्हशाच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला वाडी हाय आमची. तुमाला नाय ठावं असनार."

"म्हशाच्या जत्रेतली घोंगडी आहे माझ्या खोलीत. मी मुरबाडचीच."

त्याने माझ्याकडे नीट पाहिले. "मंग तुमी आमच्याच."

"या हाताला काय झालं, भास्कर?"

"निजला, मॅडम."

वाचकांतील जे आमच्या भागातले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. एका जागी फार वेळ बसून पायाला मुंग्या आल्या, तो बधिर झाला, आपल्या हुकमाबाहेर गेला, की आमच्याकडची डोंगराकडची माणसे म्हणतात, पाय निजला. लहानपणी भात झोडताना खळ्यावर बसलेल्या बाया हे म्हणत उठताना मी कितीदा ऐकले होते. त्या खोलीत, रॉकेलच्या वासात, तो शब्द आला आणि माझ्या हातातला पेन थांबला.

"कधी निजला?"

"हरेश लटकला व्हता तवा."

"हे कोर्टात साहेबांना सांगितलंस?"

"सांगितला ना. बोल्लो, सो गया था, साब."

"हाथ सो गया, असं म्हणालास का?"

तो विचारात पडला. "त्यांनी इचारला, रस्सी कैसे छूटी. मी बोल्लो, सो गया था. हाताचाच इचारत व्हते ना? दोर हातात व्हता."

"मग त्यांनी काय विचारलं?"

"कितना देर सोया. मी बोल्लो, अभी तक सोया है."

दारापाशी एस्कॉर्ट हसला. मी त्याच्याकडे पाहिले. तो हसायचा थांबला. नायरांना मराठी येत नव्हते. त्यांनी विचारले, "क्या हुआ मॅडम?" मी म्हणाले, "अभी पता नहीं. मशीन लगाओ."

शब्दाचा खुलासा म्हणजे पुरावा नव्हे. मुरबाडच्या एका बाईने मुरबाडच्या एका जवानाची बाजू घेतली, एवढेच त्यातून दिसले असते. हातालाच विचारायला हवे होते.

नायरांनी त्याच्या उजव्या अंगठ्याच्या उंचवट्यावर इलेक्ट्रोड चिकटवले. "आ-राम से!" शिद सैल पडला. मी मनगटावर झटका दिला. अंगठा टुणकन उडाला. पडद्यावर उंच, स्वच्छ डोंगर उमटला. कोपराच्या घडीत झटका दिला. अंगठा तसाच उडाला. डोंगर तसाच उंच. आधीची तपासणी इथेच थांबली होती. नेहमीची पद्धत तीच आहे, आणि बहुतेकांना ती पुरते.

एस्कॉर्टने घसा साफ केला. त्याला म्हणायचे होते ते मला कळले.

"दोर कुठे होता, भास्कर?"

त्याने डाव्या हाताने दाखवले. उजव्या दंडाच्या मध्यावर, कोपराच्या बराच वर, कातडीवर दोन जांभळे पट्टे होते. शेजारी शेजारी, काकणे भरावीत तसे. "खडकाच्या कंगोऱ्यावरना वळवला, मंग दंडाला दोन वेढं घेतलं. डावा हात खडकाला घातला व्हता. तो काढला असता तर दोगंबी गेलो असतो."

मी स्टिम्युलेटर त्या पट्ट्यांच्या वर, काखेपाशी नेला. झटका दिला. अंगठा जागचा हलला नाही. पडद्यावर डोंगराच्या जागी जेमतेम एक बांध दिसला. जोर वाढवला. तोच बांध. गळ्याच्या हाडावरून झटका दिला. तेच. करंगळीकडची नस तपासली, तेच. मनगट उचलणारी नस तपासली, तिथे तर बांधही नव्हता. डावा हात घेतला. काखेतून झटका देताच डावा अंगठा उडाला. नायरांनी न सांगता आपली बाही वर केली, आपल्याच काखेपाशी झटका घेतला आणि स्वतःचा अंगठा उडालेला एस्कॉर्टला दाखवला. "मशीन ठीक है," ते म्हणाले. "मैं भी."

जे दिसले त्याचा अर्थ सरळ होता. दोराच्या वेढ्यांखाली नसा तुटल्या नव्हत्या. त्यांच्यावरचे वेष्टण चिरडले गेले होते. पट्ट्यांच्या खाली नस जिवंत, वर जिवंत, आणि मधल्या चार बोटांच्या अंतरात निरोप अडत होता. अडथळ्याच्या खालून विचारले तर हात शहाण्यासारखा उत्तर देतो. वरून, म्हणजे माणसाच्या मेंदूकडून, हुकूम आला तर तो हातापर्यंत पोहोचत नाही. आणि असा अडथळा व्हायला दंडावर मोठे वजन बराच वेळ आवळलेले असावे लागते.

हे मी शिदला सांगितले, सोप्या शब्दांत. तो स्वतःच्या अंगठ्याकडे पाहत होता.

"मंग मी सोडला नाय?"

"यंत्र तसं सांगत नाही. ते एवढंच सांगतं, की तू धर म्हणालास तरी हाताला ते ऐकू गेलं नसतं."

त्याने तोंड भिंतीकडे केले. वरच्या भागाशी तुलना करण्यासाठी मी त्याच्या खांद्याच्या स्नायूत सुई घातली होती. तो हलला नाही. बोलला नाही. श्वासही ऐकू आला नाही. स्पीकर मात्र खवळला आणि बराच वेळ शांत होईना. नायरांनी "आराम से" म्हटले नाही. त्यांनी पुढे होऊन आवाज कमी केला.

त्याच दुपारी मी चौकशीचे प्रिसायडिंग ऑफिसर असलेल्या लेफ्टनंट कर्नल साहेबांना फोन लावला. लाइन खरखरत होती. बोलणे इंग्रजीत झाले, ते इथे मराठीत लिहिते.

"हे सोंग असू शकतं का, मेजर?"

"नाही सर. झटका मी देते. अंगठा हलावा की नाही, यात त्याच्या मर्जीला जागाच नसते."

"म्हणजे तो झोपला नव्हता असं तुमचं म्हणणं आहे?"

"झोपला होता, सर. त्याचा हात."

"से अगेन?"

मी शब्द समजावून सांगितला. मराठीत वाक्याचा कर्ता गाळता येतो आणि ऐकणाऱ्याला तो कळतो, हेही सांगितले. 

"'अभी तक सोया है,'" ते सावकाश म्हणाले. "आम्हाला तो उर्मटपणा वाटला. कोर्टात मराठी बोलणारं कुणी नव्हतं." मग आवाज पुन्हा कोरडा झाला. "तुमची साक्ष लागेल. मशीनसकट."

"येस सर."

मी साक्ष दिली. यंत्र काय सांगते आणि काय सांगत नाही, दोन्ही सांगितले. मनगटावरून उडणारा आणि काखेतून न हलणारा अंगठा शिदने तिथे पुन्हा दाखवला. शिक्षेचा विषय संपला. त्याचा हात हिवाळा सरता सरता जागा झाला, आधी करंगळी, मग अंगठा, सर्वांत शेवटी मनगट. मात्र त्याची उचलठेव थांबली नाही. बरा झालेला हातही तो डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवताना मी पाहिला.

पुढे मी निवृत्त झाले. आता मुरबाडला एका छोट्या खोलीत तेच काम करते. साखरेने पाय बधिर झालेले म्हातारे येतात, रात्रपाळीला एकाच यंत्रावर मनगट झिजवणाऱ्या मुली येतात. गेल्या वर्षी भातकापणी आटोपल्यावर शिद रजेवर आला होता. तपासणीसाठी आलेला नव्हता. बाकावर बसला, उठला, पुन्हा बसला.

"हरेशच्या घरी जायाचाय," तो म्हणाला. "इतक्या वरसात नाय गेलो. गावात अजून बोलतात, सोबती झोपला म्हनून पोरगा गेला. तुमी येता का, मॅडम? मी सांगीन तर मलाच वाचवतोय वाटंल."

मुरबाडची रेल्वे पिढ्यानपिढ्या नुसती येणारच आहे, म्हणून आम्ही जीपने सरळगाव, किन्हवली करत शहापूरकडे निघालो. शेतांत कापलेल्या भाताची धसकटे उभी होती, हवेला पेंढ्याचा गोड, धुरकट वास होता. शिद वाटेत तीनदा म्हणाला, परत जाऊ. तिसऱ्या वेळी ड्रायव्हरने विचारले, "साहेब, नक्की कुठं सोडू?" मी म्हणाले, "पुढे चल."

वेखंड्यांचे घर भातसानगरच्या अलीकडच्या गावात आहे. वडील धरणावर कामाला होते. आता ओट्यावर बसून ते बैलाची वेसण वळत होते. आई अंगणात सुपाने भात पाखडत होती. शिदने नाव सांगितले. वडिलांनी वेसण खाली ठेवली नाही.

"दोर धरलेला तो तूच?"

"मीच, बाबा."

"झोपलेला?"

शिदने डाव्या हाताने उजवा हात उचलून पोटापाशी धरला. मी पुढे झाले. यंत्र नव्हते, म्हणून स्वतःच्या दंडावर बोटे आवळून दाखवले. दोर कुठे होता, नस कुठे अडली, कोर्टाने काय मान्य केले, कोणता शब्द कसा चुकला. वडिलांनी सगळे ऐकून घेतले. 'निजला' हा शब्द त्यांना समजावावा लागला नाही.

मग त्यांनी शिदला विचारले ते कोर्टाने विचारले नव्हते, मीही विचारले नव्हते. "हात गेला ते त्याला म्हाईत झाला का?"

"झाला. मी वराडलो, हरेश, हात निजला रं."

"मंग?"

शिद अंगणाकडे पाहत राहिला. "बोल्ला, निजू दे. तुमच्या मुरबाडला रेल्वे येल तवा उठंल."

सूप थांबले. वडिलांच्या तोंडून एक आवाज निघाला. तो हसण्याचा होता, पण त्यांनी तो अर्ध्यावर अडवला. आई म्हणाली, "मेला. मुरबाडच्या मामालाबी तसाच डिवचायचा. आमच्या शहापुराला आसनगाव ठेसन हाय, तुमच्याकडं काय हाय."

"मंग बोल्ला," शिद पुढे म्हणाला, आणि आता त्याचा आवाज कवायतीतल्यासारखा सपाट झाला होता, "वेढं काढ, भास्कर. नायतर तू पन येशील. मी बोल्लो, गप ऱ्हा. तो पुन्यांदा बोल्ला. मी नाय काढलं. मंग दोर आपल्याआप सरकाया लागला. मला दिसत व्हता. कळत नव्हता."

वडिलांनी वेसण बाजूला ठेवली. ओट्यावरची जागा हाताने झाडली. "बस," ते म्हणाले. शिद बसला.

आई माझ्याजवळ आली. तिच्या हातांना नव्या भाताची कुसळे लागली होती. हळू आवाजात तिने विचारले, "बाय, तुमी नसांच्या डाक्टर ना? तितका येळ थंडीत लटकून व्हता. त्याला लय दुखला असंल का?"

या प्रश्नाचे जेवढे उत्तर मला ठाऊक होते तेवढे मी दिले. थंडीत नस हळू चालते. अंग जसे गार पडते तसे दुखणे पोहोचायला उशीर होतो, मग ते पोहोचेनासे होते. सुरुवातीला दुखले असेल. पुढे कमी होत गेले असेल. शेवटच्या घटकेचे मला सांगता येणार नाही, हेही सांगितले.

तिने हात पदराला पुसले. मग म्हणाली, "थट्टा करीत व्हता म्हंजे लय नसंल," आणि चुलीकडे गेली. आम्हाला जेवल्याशिवाय निघू दिले नाही. शिदने उजव्या हाताने भाकरी मोडली. ती त्याच्या हाताकडे पाहत होती, आणि त्याने तो खाली घेतला नाही.

लान्स नाईक हरेश वेखंडे, तालुका शहापूर. उंची मध्यम, आवाज मोठा. पाण्यात तरबेज, बर्फावर नवखा. दोर सोडण्याचा हुकूम त्याने दोनदा दिला. त्याच्यापेक्षा हुद्द्याने मोठा असलेल्या सोबत्याने तो दोन्ही वेळा मोडला. त्याच्या पश्चात आई आहे, वडील आहेत, आणि मुरबाडकडे परत येताना जीपच्या मागच्या सीटवर बसून एकदाही रेल्वेचा विषय निघालेला नसताना मधेच हसणारा आणि मग खिडकीबाहेर पाहणारा एक माणूस आहे.